आधी कागद, मग ज्ञानकोश

आमच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले गेले. आमच्या घरात येणारा पदवीचा पहिला कागद माझा असेल, आणि त्यावर नाव असेल ते अक्षर न शिकलेल्या एका शेतकरीण बाईचे! मला याचे भारी अप्रूप वाटते. पण मित्रहो, एक विचारते. त्यांचा मुलगा कवी नसता तर?

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या. त्यांची गाणी घरात टिपून ठेवली गेली. १९५१ साली त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ते निघाले नसते तर विद्यापीठाचे राहू द्या, ज्ञानकोशात त्यांना एक ओळही मिळाली नसती.

आता ज्ञानकोशाचे जाड खंड कोण उघडतो? मोबाईलवर विकिपीडिया पाहतात. मराठीत तो २००३ पासून आहे आणि त्यात कोणीही लिहू शकते. तरीही इंग्रजी विकिपीडियासारख्या अवाढव्य कोशातसुद्धा चरित्रलेखांपैकी स्त्रियांचे जेमतेम पाचातले एक. एक कारण तिथल्या नियमात आहे: लिहाल त्याला प्रसिद्ध झालेला आधार हवा. नियम वाईट नाही, नाहीतर चौकातल्या फ्लेक्सवरचा प्रत्येक दादा-भाऊ तिथे थोर पुरुष होऊन बसला असता! पण जिच्याविषयी कोणी छापलेच नाही तिने काय करावे? कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे आधार नाहीत म्हणून परत गेला. ऑक्टोबरात त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. केनियाच्या वंगारी मथाईंना २००४ साली शांततेचे नोबेल मिळाले, म्हणून जग त्यांच्यावर लिहिते. १९७७ पासून त्यांच्या चळवळीत रोपे लावणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या बायांची नावे कोण शोधणार?

आपल्याकडे शोधण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत. १९२६ साली धुळ्यातच ते वारले; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. पण दप्तर असायचे देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यात. जात्यावर बसणारीच्या घरी कुठले दप्तर? तिचे दप्तर तिच्या गळ्यात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्र रात्र अहिराणी गाणी म्हणणारी बाई गेली, की ते दप्तर जळालेच समजा.

म्हणून माझे म्हणणे, आधी कागद तयार करा. आमच्या वर्गातली कितीतरी पोरे एस.टी.ने खेड्यांतून येतात. प्रत्येकाने सुटीत गावातल्या एका बाईची हकीकत, तिला विचारून, नाव-गाव-सालासह लिहावी आणि याच वार्षिकांकात कवितांची दोन पाने कमी करून ती छापावी. (कवीमित्र रागावतील, रागावोत!) कॉलेजचा अंक हा काही भक्कम पुरावा नव्हे, हे सर मंडळी सांगतीलच. पण त्यावरून उद्या एखादा वार्ताहर, एखादा संशोधक तिच्या दारापर्यंत जाईल. त्याचे छापून आले की ज्ञानकोशाला आधार मिळेल.

आमच्या गावात कानबाईची सगळी गाणी पाठ असलेली एकच आजी उरली आहे. दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन तिच्याकडे बसणार आहे. ती हो म्हणाली तर मोबाईलवर आवाजही घेईन.