आजीचे नाव कोणी चुकवले?

पेडणे तालुक्यातल्या आमच्या एका सभासदाच्या आईचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे अचानक बंद झाले. ऐंशीच्या घरातली बाई. मुलगा चौकशीला गेला तेव्हा कळले, की जन्मनोंदीतले नाव, बँकेतले नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकमेकांशी जुळत नाही. ‘नाव सुधारून आणा’ एवढे ऐकून तो परत आला. पैसे बंद होण्याआधी घरी पत्र आले होते म्हणे. आले होते खरे. पण ते इंग्रजीत होते आणि विजेच्या बिलांबरोबर तारेला अडकवून ठेवले होते. आजी वर्तमानपत्र रोज वाचते, मराठी. हे पत्र तिने वाचायचे कसे?

आम्ही विचारतो, यात चूक कोणाची?

पोर्तुगीज अमदानीत आमच्या आईवडिलांच्या नोंदी ज्या कारकुनाने केल्या, त्याने ‘श’साठी ‘एक्स’ वापरला, प्रभूचा ‘पोरोब’ केला, शेणव्याचा ‘सिनाय’ केला. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर तेच नाव देवनागरीत आले. पुढे आधार केंद्रावरच्या मुलाने ते कानाला आले तसे टंकित केले. शिवाय लग्नात मुलीचे नाव बदलायची आपली रीत. म्हणजे माहेरचे एक, सासरचे एक, आणि प्रत्येकाची दोन-दोन स्पेलिंगे. यातले एकही स्पेलिंग त्या बाईने स्वतः लिहिलेले नाही. आमच्या गावांचीच गत पाहा. आम्ही हरमल म्हणतो, कागदावर आरांबोल. साखळीचे सांकेलिम, डिचोलीचे बिचोलिम, पेडण्याचे पेर्नेम. गावाला दोन नावे चालतात, तिथे म्हातारीला मात्र एक अक्षर इकडचे तिकडे झालेले चालत नाही!

बोगस लाभार्थी शोधण्याला आमचा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जात असतील, चांगला पगार असलेल्या घरात गृह आधारचे पैसे जात असतील, तर ते थांबलेच पाहिजेत. तो पैसा करदात्यांचा आहे. दरवर्षी हयातीचा दाखला मागण्यातही गैर काही नाही. पण बोगस माणसाला इंग्रजी फॉर्म अडवत नाही. त्याच्याकडे एजंट असतो. अडकते ती तोरशाची, इब्रामपूरची, लाटंबार्शाची म्हातारी, जिची सगळी हयात एकाच उंबऱ्याच्या आत गेली.

तीच गोष्ट पंधरा वर्षांच्या रहिवासाची. ही अट योग्यच आहे, आम्ही तिचे समर्थक आहोत. पण पुरावा काय द्यायचा? कित्येकांची घरे भाटकाराच्या जमिनीत. मुंडकार कायदा १९७५ चा, तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे. मये गावची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन १९६४ च्या कायद्याने स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात राहिली आणि त्यावर स्वतंत्र कायदा यायला २०१४ साल उजाडले. मातीत मुरलेल्या या कुटुंबांना कागदाने उपरे ठरवायचे आणि ज्याच्याकडे कागदांची फाइल तयार तो भूमिपुत्र, हा कुठला न्याय?

आता भाषेचे बोलू. ही योजना २००१-०२ च्या सुमारास सुरू झाली ती भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने. भाऊसाहेब पेडण्याचे. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांनी खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आज साठी ओलांडलेली आमची पिढी त्याच शाळांत, किंवा त्याआधी देवळाच्या चौकात भरणाऱ्या शाळेत, मराठीत शिकली. आणि त्यांच्याच नावाच्या योजनेचे नियम राजपत्रात इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत, त्रुटीचे पत्र इंग्रजीत! भाऊसाहेबांचा फोटो कचेरीत लावतात, त्यांच्या शाळेत शिकलेल्यांना मात्र खिडकीवर निरक्षर ठरवतात.

१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली. त्याच कायद्यात सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देणे हे शासनाचे मान्य धोरण आहे. मराठीला राजभाषेचा पूर्ण दर्जा मिळावा ही आमची मागणी कायम आहे, तो लढा वेगळा. पण जे आधीच दिलेले आहे तेही मिळत नाही. खरे तर कोकणीवाल्या बंधूंनाही त्यांचा फॉर्म मिळत नाही. आम्ही दोघे भांडत राहिलो आणि खुर्चीवर इंग्रजी बसली. (हे आमच्यातल्या काहींना आवडणार नाही, पण लिहिणे भाग आहे.)

अशक्य काही मागत नाही. सीमेपलीकडे बांद्याला, दोडामार्गला पाहा. २८ जून २०२४ ला महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय काढला तो मराठीत, हमीपत्र मराठीत. तिकडे दिलेल्या आमच्या लेकींनी ते घरी बसून वाचले. पुढे तिथेही छाननी झाली, ई-केवायसीची धावपळ झाली, नावे गळली, हेही खरे. पण आपल्याकडून काय मागतात हे बाईला कळत तरी होते. आमच्याकडे गृह आधार त्याच्या बारा वर्षे आधी, २०१२ साली आली.

आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला. ओळख पटली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवणार नाही, ही सरकारची ग्वाही त्या निकालात नोंदलेली आहे. मग नाव जुळत नसेल तर तलाठ्याने, पंचाने घरी येऊन खात्री करावी. वृद्धांना प्रतिज्ञापत्र, नोटरी, वकील करत का फिरवता? खाणी २०१२ ला थांबल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या कित्येक घरांत चूल पेटली ती या पैशांवर. त्यातले दोन महिन्यांचे पैसे गाडीभाड्यात घालायचे का?

आमच्या आमदारांकडे आमचे म्हणणे एवढेच. मराठीत नोटीस आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोणाचेही पैसे बंद करू नयेत, तसा नियमच करावा. निवडणुकीत मराठीत मते मागता, तर विधानसभेत हा प्रश्न मराठीतच विचारा.

आणि सभासदांनो, आपणही थोडे सुधारू. फॉर्म भरायला एजंटाला पैसे देतो, पण मराठीत चार ओळींचा अर्ज लिहायला लाजतो. यापुढे ज्याचे पैसे अडले असतील त्याने अर्ज मराठीतच करावा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी आणि ती प्रत कार्यालयात आणून द्यावी. कोणाला लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ. उत्तर इंग्रजीत आले तर तेही आणा. पाकिटासकट.