पिक्चरमधल्या डोंगराला वजनच नाही

मंडळी, आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. पहिली कमेंट काय येणार तेही मला माहीत आहे : "महाराजांच्या पिक्चरला नावं ठेवतोय, हा कोण लागून गेला?" भावांनो, महाराजांना नावं ठेवायची माझी काय, कुणाचीच लायकी नाही. मी नावं ठेवतोय ती त्यांच्या नावावर तिकीट विकून सह्याद्रीला पुठ्ठ्याचा करणाऱ्यांना. ज्यांना या दोन गोष्टी एकच वाटतात त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

2018 ला 'फर्जंद', 2020 ला 'तान्हाजी', 2022 ला 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज', 2023 ला 'सुभेदार'. गड, कडा, खिंड, रात्र आणि तलवार. हे सगळे मी थेटरात पैसे मोजून बघितलेत. त्यामुळं "बघितलं नाही आणि बोलतोय" हे म्हणायची सोय नाही.

आधी या पिक्चरांचं भलं बोलून घेतो. आपल्या शिरोळ तालुक्यात उभं राहून चारी बाजूला बघा. ऊस, ऊस, कारखान्याची चिमणी आणि परत ऊस. सपाट मुलखातल्या माणसाला उंचीचं वेड असतंच. थेटरात अंधार झाला आणि पडद्यावर धुक्यातून कडा वर आला की अंगावर काटा येतो, माझ्यासुद्धा येतो. कोरोनानंतर 'पावनखिंड' लागला तेव्हा ओस पडलेली थेटरं भरली, आया-आज्ज्या लहान पोरांना घेऊन आल्या. शिवा काशीद, रायाजी बांदल, कोंडाजी फर्जंद ही नावं पोरांच्या तोंडी आली. शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींना जे जमलं नव्हतं ते या पिक्चरांनी केलं. याबद्दल दिग्पाल लांजेकर आणि मंडळींचे आभार मानायला मी मागं सरणार नाही.

आता तक्रार. या पिक्चरांत डोंगर दिसतो, पण डोंगराला वजन नाही. तो मागं लावलेला पडदा आहे. पुढं हिरो गर्जना करतो, स्लो मोशनमध्ये उडी मारतो, एका फटक्यात पाच जण हवेत जातात. हे सगळं डोंगराऐवजी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर झालं असतं तरी काहीच फरक पडला नसता. आणि जी गोष्ट घडलीच मुळात डोंगरामुळं, तिच्यातला डोंगर काढून टाकला तर उरतं काय? नुसती मारामारी.

पन्हाळ्याचंच बघा. मार्च 1660 पासून सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन इंग्रजांच्या तोफा घेऊन मदतीला आलेला. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल हा हिशोब चुकला, जौहर हटला नाही. मग 12-13 जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज पालखीतून बाहेर पडले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसून नेबापूरचा शिवा काशीद मरणाच्या तोंडात गेला. पुढं विशाळगड साधारण साठ किलोमीटर. गडाखाली पोहोचलं तर तिथंही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा. मागं घोडखिंडीत बाजीप्रभू, फुलाजीप्रभू आणि बांदलांची माणसं वाट अडवून उभी.

यात थरार कुठं आहे सांगा. तलवारीत आहेच. पण त्याच्या आधी पालखी खांद्यावर घेऊन अंधारात, चिखलात, निसरड्या उतारावर धावणाऱ्या भोयांच्या पायात आहे. मी ती वाट जुलैमध्ये चाललो आहे. मसाई पठारावर वाऱ्यात सरळ उभं राहवत नाही. करपेवाडीच्या पुढं रानात चिखल बूट ओढून घेतो, पायाला जळवा लागतात, धुक्यात पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. आपण दिवसा चालतो, खिशात बॅटरी, पाठीवर बिस्किटं, रात्री मुक्काम, आणि तरी पांढरपाण्याला पोहोचेस्तोवर गुडघे बोलायला लागतात. त्या लोकांनी हे एका दमात केलं आणि तसंच न थांबता लढले. पडद्यावर मात्र कुणाला धाप लागत नाही. कुणाचा पाय घसरत नाही. खांदा बदलताना पालखी कलंडत नाही. जो माणूस दमतच नाही तो शूर कशाला म्हणायचा? दमून, तहानेनं, जखमेनं अर्धा झालेला माणूस उभा राहतो तेव्हा ती पावनखिंड होते.

'तान्हाजी' तर या बाबतीत सगळ्यांचा बाप. 4 फेब्रुवारी 1670, माघ वद्य नवमी. वद्य नवमी म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर वर येणार. म्हणजे अंधार हे पहिलं हत्यार. दुसरं हत्यार कडा : इथून कोण वर येणार म्हणून जिथं पहारा ढिला, तीच बाजू निवडली. तिसरं दोर. तानाजी पडल्यावर माणसं मागं पळायला लागली तेव्हा सूर्याजीनं दोरच कापून टाकले, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट. चंद्र, कडा आणि दोर, एवढ्या तीन गोष्टींत जगातला कुठलाही दिग्दर्शक अडीच तास माणसाला खुर्चीवरून हलू देणार नाही. आणि आपल्याला काय मिळालं? संगणकावर उभा केलेला कोंढाणा, 'नागीण' नावाची अवाढव्य तोफ आणि राक्षसासारखा उदयभान. पिक्चर करोडोत खेळला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. उदयभान झालेल्या सैफ अली खाननंच नंतर मुलाखतीत सांगून टाकलं की याला इतिहास म्हणता येणार नाही. घ्या!

खलनायक राक्षसच पाहिजे, ही दुसरी खोड. शत्रू जितका रानटी तितका आपला माणूस मोठा, असा यांचा हिशोब. प्रत्यक्षात उलट आहे. जौहर हुशार आणि चिवट होता म्हणून वेढा फोडणं अवघड होतं. आणि त्याच वेढ्यावर नेताजी पालकरांबरोबर बाहेरून चालून गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हेही होते, महाराजांच्या बाजूनं. सिद्दीविरुद्ध सिद्दी, बाप आणि लेक! यापेक्षा मोठं नाट्य कुठला लेखक लिहिणार? पण ते दाखवायचं म्हणजे प्रेक्षकाला जरा विचार करायला लावायचा. तो धोका कशाला पत्करा?

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पडद्यावरच्या डोंगरात माणसं राहत नाहीत. तिथं फक्त लढणारे येतात, लढतात, संपतात. घोडखिंडीलाच गजापूरची खिंड म्हणतात. त्या गजापुरात आज घरं आहेत, चुली आहेत, पोरं शाळेला जातात. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या अतिक्रमणाच्या वादात जमावानं त्याच गजापुरात घरं आणि मशीद फोडली. ते पिक्चर बघून झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं लबाडी होईल. पण ज्या पोरानं खिंड फक्त पडद्यावर बघितलीय, त्याला तिथं भांडी घासणारी बाई दिसणार कुठून? गड म्हणजे फक्त जय-पराजयाची जागा, हे आपण त्याला वर्षानुवर्षं दाखवत आलो. याचा विचार करायचा की नाही?

आणि कड्याला खोटं करण्याची किंमत खरी असते. मार्च 2023 मध्ये पन्हाळ्यावर एका मोठ्या शिवकालीन पिक्चरचं शूटिंग चालू असताना तिथं कामाला आलेला एक तरुण तटबंदीवरून खाली पडला आणि काही दिवसांनी दवाखान्यात गेला. चार दिवस बातमी चालली, मग सगळे विसरले. पडद्यावर शंभर फुटांवरून उडी मारलेला हिरो उठून मिशीला पीळ देतो. खऱ्या तटावरून पडलेला पोरगा उठत नाही. दर पावसाळ्यात बुरुजाच्या टोकावर उभं राहून तलवारीच्या आवाजावर रील काढणारी पोरं बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. डोंगर पुठ्ठ्याचा आहे हे आपणच त्यांना शिकवलंय.

आता नेहमीचे दोन बचाव घेऊ.

एक : "मराठीकडं बजेट नाही." मग बाबूराव पेंटरांकडं होतं का? 1923 ला आपल्या कोल्हापुरात त्यांनी 'सिंहगड' काढला. मूकपट, आवाज नाही, ग्राफिक्स नाही. रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम दिव्यांचा प्रयोग केला. शेलारमामाच्या कामाला होते व्ही. शांताराम. भालजींनी 1956 ला 'पावनखिंड' काढला, तो तरी कुठल्या संगणकावर? शंभर वर्षांपूर्वी रात्र कशी दाखवायची म्हणून या गावात डोकं चालत होतं. आज सगळी साधनं हाताशी असून रात्र निळी आणि रक्त लाल करण्यापलीकडं डोकं चालत नाही, याला बजेट कसं जबाबदार?

दोन : "पब्लिकला हेच पाहिजे." खोटं. 2024 चा मल्याळम 'मंजुम्मेल बॉईज' बघा. कोडाईकनालच्या गुणा गुहांत 2006 ला घडलेली खरी घटना. मित्रांतला एक जण खोल भेगेत पडतो, दुसरा दोर बांधून खाली उतरतो. बस्स. खलनायक नाही, तलवार नाही. खलनायक म्हणाल तर तो खड्डा आणि वरून येणारं पावसाचं पाणी. जगभरात दोनशे कोटींच्या वर धंदा केला. आणि गंमत म्हणजे ती गुहा बरीचशी सेटवर बांधलेली होती. म्हणजे सेट किंवा संगणक वापरला हा गुन्हा नाहीच. त्या गुहेला वजन होतं, अंधार होता, ओल होती. दोर ताणला की आपला श्वास अडकत होता. कामाचं काय ते एवढंच.

हॉलिवूडवाले धुतल्या तांदळाचे आहेत असंही नाही. केबलवर आपण सगळ्यांनी बघितलेला स्टॅलनचा 'क्लिफहँगर', 1993 चा. त्यात बंदुकीनं कड्यात खिळे मारत वर चढतात, त्याला खऱ्या गिर्यारोहकांनी हसून घेतलं. पण त्याच पिक्चरमध्ये एक स्टंटमन उडत्या विमानातून दुसऱ्या विमानात दोरावरून खरोखर गेला. आणि सुरुवातीलाच पट्ट्याचं बक्कल तुटून ती मुलगी पडते, तो सीन तीस वर्षं झाली तरी कुणी विसरलेलं नाही. का? कारण त्या एका प्रसंगात उंची खरी वाटते. एक बक्कल, एक हात, खाली दरी. आमच्या शंभर तलवारींना ते जमत नाही.

शिरोळच्या माणसानं या विषयावर का बोलावं, असंही कुणी विचारेल. बोलणार तर आम्हीच. गजापूरच्या बाजूच्या डोंगरात कासारी उगम पावते. ती कुंभी, तुळशी, भोगावतीला मिळून पंचगंगा होते आणि आमच्या नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येऊन पडते. पावनखिंडीच्या रानात जुलैमध्ये जो पाऊस कोसळतो तो काही दिवसांनी आमच्या दारात उभा असतो. 2005, 2019, 2021, प्रत्येक वेळी जनावरं सोडून, लेकरं काखेला मारून आम्ही बाहेर पडलोय. त्यामुळं डोंगरावरचा पाऊस ही शोभेची वस्तू नाही हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पडद्यावर हिरोच्या केसावर चार थेंब पाडून जुलैचा सह्याद्री दाखवला म्हणणाऱ्याला शाहूवाडीत एक आठवडा ठेवा, म्हणजे कळेल बाजीप्रभू कशात उभे होते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, पन्हाळा त्यात आहे. आपण फटाके वाजवले, वाजवायलाच पाहिजेत. पण नोंद कुठल्या नावानं झाली बघितलं का? 'मराठा लष्करी भूप्रदेश'. नुसत्या दगडी भिंतींना मान दिलेला नाही. डोंगर, कडा, जंगल, समुद्र यांचा वापर करून उभी केलेली युद्धाची अक्कल, तिला मान दिलाय. परक्यांना जे कळलं ते आमच्या पिक्चरवाल्यांना कधी कळणार?

माझी मागणी साधी आहे. पुढचा गडाचा पिक्चर काढाल तेव्हा आधी ती वाट पावसात चालून या, लेखकालाही न्या. पडद्यावर नकाशा कळू दे : कुठून निघाले, किती लांब, मागं कोण, पुढं कोण. एखादा भोई दमू दे. एखादा मावळा घाबरू दे. दोर करकरल्याचा आवाज ढोलाखाली दाबू नका. शत्रूला अक्कल असू दे. आणि शूटिंगला कड्यावर माणूस उभा करणार असाल तर त्याच्या जिवाची व्यवस्था आधी, कॅमेरा नंतर.

प्रेक्षकांनाही सांगतो. "महाराजांचा पिक्चर आहे, वाईट म्हणायचं नाही" हे बंद करा. याच भीतीचा धंदा झालाय. ऊस घेताना काटा तपासता, बियाणं घेताना पावती मागता, मग ज्याला दैवत म्हणता त्याच्या नावावर विकलेला माल न तपासता घरी नेता? तपासून घेणं हा अपमान नाही, तोच मान आहे. बाजीप्रभूंना मोठं करायला ग्राफिक्स लागत नाही. खिंड जशी आहे तशी दाखवा, माणूस आपोआप मोठा दिसतो.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू. फक्त शिव्या नकोत, मुद्दा आणा.