पॅरिसचा चौदा जुलै

उन्हाळ्यांत युरोपच्या सहलीस निघणाऱ्या आपल्या मंडळींचा बेत बहुधा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून ठरतो. अमुक राजवाडा पाहिला, तमुक चित्रसंग्रह पाहिला, कीं सहल झाली! परंतु एखाद्या शहराची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्याच्या सणाच्या दिवशीं त्याच्या दारीं जावें. ज्यांना जुलैच्या मध्यास पॅरिस येथें चार दिवस काढतां येतील, त्यांनीं चौदा तारीख चुकवूं नये.

उत्सवास आरंभ होतो तो तेरा तारखेच्या रात्रीं, आणि तोही आगीच्या बंबांच्या ठाण्यांत! बंबवाले आपल्या ठाण्याचें अंगण नागरिकांस खुलें करितात आणि आजीपासून नातवापर्यंत सारे तेथें नाचतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाँझेलिझे या राजमार्गावर लष्करी संचलन होतें. विमानें आकाशांत निळा, पांढरा व तांबडा धूर सोडीत जातात. इतर पथकें मिनिटास १२० पावलें टाकितात. परदेशी सैनिकांचें ‘लेजियाँ’ पथक मात्र ८८ पावलांच्या संथ, भारदस्त चालीनें सर्वांच्या मागून येतें. सन २००९ मध्यें या संचलनाच्या अग्रभागीं भारतीय तुकडी होती व तींत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते, हें मराठी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. जागा हवी तर पहाटे निघावें. जवळचीं मेट्रो स्थानकें बंद असतात व पिशव्यांची झडती होते. रात्रीं आयफेल मनोऱ्यापाशीं दारूकाम असतें. पण तेथें सूर्यच दहाच्या सुमारास मावळत असल्यामुळें त्यास अकरा वाजतात. मुलें बरोबर असल्यास त्यांस दुपारीं निजवावें आणि शिदोरी सोबत घ्यावी.

आतां या दिवसाचें मर्म पाहूं. १४ जुलै १७८९ रोजीं लोकांनीं बास्तीयचा तुरुंग घेतला. आंत कैदी निघाले अवघे सात. जमावास मुख्यतः हवी होती ती बंदुकीची दारू. त्या दिवशीं किल्लेदाराचें शिर भाल्यावर मिरविलें गेलें. बरोबर एक वर्षानें, १४ जुलै १७९० रोजीं, शाँ-द-मार्स मैदानावर राजा आणि प्रजा यांनीं एकत्र शपथ घेतली. सन १८८० मध्यें राष्ट्रीय सणाचा कायदा होऊं लागला, तेव्हां रक्तानें माखलेला दिवस सण कसा म्हणावा, असा आक्षेप निघाला. त्यावर इतिहासकार व सिनेटर आँरी मार्तँ यांनीं १७९० च्या ऐक्याचें स्मरण करून दिलें. कायद्यांत अखेर तारीख आली, वर्ष आलें नाहीं! ज्याला जें स्मरावेंसें वाटेल, तें त्यानें स्मरावें.

हें शहाणपण आपणांस परकें वाटूं नये. आपल्या १५ ऑगस्ट १९४७ च्या आनंदाशींही फाळणीचें दुःख जडलेलें आहे. तें लपवून मुलांस केवळ झेंडा दाखविणें, किंवा तेंच उगाळीत आनंदास मुकणें, हीं दोन्ही टोकें टाळावयास हवींत. त्या दिवशीं ध्वजवंदनाहून परतल्यावर घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस जवळ बसवून दोन्ही गोष्टी सांगाव्या, आणि मग शेजाऱ्यांसह गोडधोड करावें. सुटी सरकार देतें. सण मात्र घरांनींच करावयाचा असतो.