गुन्हेगार सापडतो, भिंत राहते

उच्चभ्रू विद्यापीठातील खून आणि त्याभोवती गुंफलेला विनोद हा इंग्रजी रहस्यकथेचा एक लोकप्रिय प्रकार आहे. आपले पुष्कळ कार्यकर्ते त्याची ‘रिकामटेकड्यांची करमणूक’ म्हणून बोळवण करतात. हे योग्य नव्हे. एखादा वर्ग अन्याय कशाला म्हणतो, हे त्याच्या करमणुकीतूनही कळते.

मॅव्हिस डोरिएल हे या लेखिकेची ‘डेथ ऑन द चेरवेल’ ही १९३५ सालची कादंबरी पाहा. ऑक्सफर्डमधील एका काल्पनिक महाविद्यालयातील चार विद्यार्थिनी, कारभार पाहणाऱ्या बर्सरबाईंना शाप देण्यासाठी नौकागृहाच्या छपरावर जमतात; तोच बाईंचे प्रेत होडीतून वाहत येते! मग या मुली उत्साहाने तपासाला लागतात. कथा चतुर आहे, हसविते. या मुली सुखवस्तू खऱ्या, परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे १९२० साली सुरू केले आणि १९२७ मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, हेही विसरता कामा नये.

आता त्याच शहराकडे वळू. जुलै १९३४ मध्ये काउली येथील प्रेस्ड स्टील कारखान्यातील कामगारांनी संप करून संघटनेला मान्यता मिळविली. त्याच वर्षाच्या अखेरीस शहराच्या उत्तरेस, कटस्लो येथे, खाजगी घरांच्या वसाहतीला नगरपालिकेच्या भाडेकरूंचा उपसर्ग नको म्हणून बांधकाम कंपनीने रस्त्यावर आडव्या भिंती उभारल्या. नगरपालिकेने १९३८ मध्ये त्या पाडल्या, तेव्हा न्यायालयाने पाडणाऱ्यांनाच दोषी ठरविले. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९५९ पर्यंत टिकल्या.

कादंबरीच्या कथानकात या ऑक्सफर्डला जागा नाही. लेखिका श्रमिकांच्या जीवनाविषयी अज्ञानी होती, असे म्हणावे तर तेही खरे नाही. हेलन फिट्झरँडॉल्फ यांच्यासह तिने इंग्लंड व वेल्समधील ग्रामीण उद्योगांचा अभ्यास केला होता. टोपल्या विणणाऱ्यांचे अर्थकारण तिला ठाऊक होते. तेव्हा दोष व्यक्तीचा नसून कथाप्रकाराच्या चौकटीचा आहे. रहस्यकथेला अन्याय म्हणजे कायद्याचा भंग, एवढेच उमगते. एक प्रेत, एक अपराधी, आणि तो सापडताच बाकीचा समाज निर्दोष! कटस्लोमध्ये मात्र भिंत कायदेशीर होती आणि ती पाडणे बेकायदेशीर. अशा अन्यायाचा छडा कोणता गुप्तहेर लावणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी या कादंबऱ्या अवश्य वाचाव्यात, मनमुराद हसावे. परंतु ‘खून कोणी केला?’ याचे उत्तर मिळाल्यावर पुस्तक मिटण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा : ज्यात कोणताही कायदा मोडला गेला नाही, अशी कोणती हानी या गावात रोज घडत होती? आपल्या अभ्यासवर्गाचे काम त्या प्रश्नापासून सुरू होते.