कुलाब्याच्या तोफा

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळीं पायीं चालत कुलाबा किल्ल्यांत जातां येतें. किल्ल्याच्या उत्तरेच्या बाजूस, तटाजवळ, गाड्यांवर चढविलेल्या दोन लोखंडी तोफा आहेत. त्या पाहतांच मनांत कान्होजी आंग्र्यांचें नांव यावें हें साहजिकच होय. परंतु तोफांवरील अक्षरें निराळेंच सांगतात. तीं इंग्रजी असून त्यांत डॉसन, हार्डी व फील्ड हीं नांवें आणि यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचा उल्लेख आहे.

हा कारखाना ब्रॅडफर्डजवळ १७९१ सालीं सुरू झाला. कान्होजी तर १७२९ सालींच निवर्तले होते. अर्थात् या तोफा त्यांच्या असणें शक्य नाहीं. लो मूरला कोळसा व लोहखनिज दोन्ही जवळच सांपडत. तेथील कोळशांत गंधक अगदीं थोडा असल्यामुळें त्यावर तयार झालेल्या लोखंडाची फार ख्याति होती.

पूर्वीं सांच्याच्या मध्यभागीं गाभा ठेवून तोफ पोकळच ओतीत. गाभा किंचित् सरकला तरी नळी एका अंगास जाई व नेम चुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत ही रीत मागें पडली. सांचा उभा करून, तोफेचें बूड खालीं ठेवून, ती भरीव ओतूं लागले. तोंडाकडे मुद्दाम अधिक लोखंड ठेवीत. त्याच्या भारानें खालचें लोखंड घट्ट बसे आणि मळ वर येई. निवाल्यावर तेवढा भाग कापून टाकीत. मग तोफ आडवी ठेवून यंत्रानें फिरवीत व स्थिर धरलेल्या हत्यारानें तिची नळी कोरून काढीत. त्यामुळें नळी सरळ येई.

१७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली, पण किल्ला हातीं लागला नाहीं. आंग्र्यांचा हा पराक्रम या तोफांवांचूनच झाला आहे. त्यास त्यांचा आधार जोडण्याचें कारण नाहीं. खाण, भट्टी व यंत्र हीं एके ठिकाणीं आणणाऱ्या उद्योगाचें बळ मात्र त्या दाखवितात. त्या उद्योगाच्या जोरावर इंग्रजांची सत्ता वाढली आणि १८४० च्या सुमारास आंग्र्यांचें संस्थान कंपनीच्या राज्यांत विलीन झालें.

खाऱ्या वाऱ्यानें लोखंड झिजतें. अक्षरें पुसण्यापूर्वीं आपल्या मुलांकडून तीं एकदां वाचवून घ्यावींत.