लेहला जायचंय? मग आधी रजा मोजा!

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या, खानदेशातली उन्हं तापू लागली की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा सुट्टीत कुठं जायचं? पूर्वी तोरणमाळ नाहीतर सप्तशृंग गड झाला की समाधान असायचं. आता मुलांना बर्फ पाहायचा असतो, नि म्हणून लेहचं नाव निघतं. यासंबंधी धुळ्याच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांना सहा दिवसांची रजा आहे. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. सासूबाई पासष्टीच्या, रक्तदाबाची गोळी चालू. प्रवासी कंपनीच्या पत्रकात लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला खिंड दाखवली आहे. त्या विचारतात, "गरम कपडे किती न्यावेत?"

ताई, कपड्यांचं सांगतेच. पण आधी रजेचा हिशेब करू या.

धुळं-जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीचशे मीटर उंच. आपलं तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास, तर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर. लेह आहे ३५०० मीटरवर! म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेह वरच राहतं. तिथल्या दर श्वासात आपल्याकडच्या मानानं दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथं नेऊन सोडतं, पण शरीर काही इतक्या लवकर पोचत नाही. त्याला निदान दोन दिवस लागतात. म्हणून विमानानं येणाऱ्यांनी पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, असं लडाखचं प्रशासनही सांगतं. आणि खार्दुंग ला तर सुमारे ५३५० मीटरवर. दुसऱ्या दिवशी तिथं जाणं म्हणजे बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाठवण्यासारखंच आहे.

आता तुमचे सहा दिवस मांडा. पहिल्या दिवशी जळगाव किंवा भुसावळहून गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्ली. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच, तेव्हा दिल्लीत मुक्काम. तिसऱ्या दिवशी लेह. पाचव्या दिवशी परतीचं विमान नि रात्रीची गाडी, सहाव्या दिवशी घर. लेहमध्ये उरले किती? दोनच दिवस, नि तेही अंथरुणावर पडून काढायचे! शिवाय हवा बिघडली तर विमान रद्द होतं, ते वेगळंच. तेव्हा शनिवार-रविवार धरून दहा दिवस निघत असतील तरच लेहचा बेत करावा.

ते निघाले तर आखणी अशी करा. उतरल्या दिवशी आंघोळीची घाई नको, जिने चढणं नको; पडून राहावं, थोडंथोडं पाणी प्यावं, हलकं जेवावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात हळूहळू फेरी. शांतिस्तूप पाहायचा तर मोटारीनं वर जावं, पायऱ्या चढू नयेत. तिसऱ्या दिवशी सिंधूकाठानं शे आणि ठिकसे. ठिकसेच्या मठात मैत्रेय बुद्धाची सुमारे पंधरा मीटर उंच मूर्ती आहे. चौथ्या दिवशी अल्ची. हे गाव लेहहून खाली, त्यामुळे सासूबाईंनाही तिथं बरं वाटेल. तिथल्या मंदिरांतली भित्तिचित्रं अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची. जाण्याआधी एका रविवारी मुलांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवून आणा. तोच अवलोकितेश्वर त्यांना लडाखच्या भिंतींवर पुन्हा भेटेल. तिकडे त्याला चेनरेझिग म्हणतात. खार्दुंग ला पाचव्या दिवशी, तेही ज्यांना काही त्रास नाही अशा मोठ्यांनीच. आजी नि नातवंडं लेहमध्येच राहिली तर काही बिघडत नाही. परतीच्या विमानानंतर दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवून मगच रेल्वेचं तिकीट काढावं.

निघण्याआधी डॉक्टरांकडे जाणं मात्र चुकवू नका. सासूबाईंचा रक्तदाब आटोक्यात असेल तर डॉक्टर बहुधा परवानगी देतील. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल तर त्यांचा शब्द अखेरचा मानावा. गरोदर बाईनं हा प्रवास टाळलेला बरा. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स नावाची गोळी देतात, पण सल्फाच्या औषधांचं वावडं असेल तर ते आधी सांगावं. शेजारणीनं घेतली म्हणून आपण घेऊ नये. आणखी एक, आपल्या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. घराण्यात कुणाला असेल तर सर्वांनी तपासणी करूनच जावं. या आजारात उंचावरची विरळ हवा धोक्याची ठरते, नि ज्यांच्यात तो नुसता वाहक म्हणून आहे त्यांनाही क्वचित पोटात, प्लीहेला इजा होते.

आणि ताई, पत्रात तुम्ही सर्वांच्या प्रकृतीचं लिहिलंत, स्वतःचं एक अक्षर नाही! आपल्याकडे पुष्कळ बायकांच्या अंगात रक्त कमी असतं नि त्याची दाद कुणी घेत नाही. प्राणवायू वाहून नेतं ते रक्तच. आधीच ते कमी आणि वर हवा विरळ, मग दम लागेल नाहीतर काय होईल? तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघालं तर दोन-तीन महिने उपचार करून मग जा.

दुसरी खोड आपलीच. सगळ्यांच्या मजेवर विरजण नको म्हणून आपण डोकेदुखी गिळून टाकतो. लेहमध्ये असं मुळीच करू नका. डोकं दुखणं, मळमळ, भोवळ, झोप न लागणं ही पहिली सूचना. अशा वेळी वर जाणं थांबवून विश्रांतीच घ्यायची. लहान मुलाला सांगता येत नाही. ते किरकिर करतं, जेवत नाही, ओकतं, तिकडे लक्ष ठेवा. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. लेहच्या सोनम नुरबू स्मारक रुग्णालयात ताबडतोब न्या. झोपेच्या गोळ्या नि मद्य तिथं वर्ज्य. यजमानांनाही तेवढं सांगून ठेवा!

आता कपडे. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे न्या: आत गरम बनियन, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सासूबाईंना लुगड्याच्या आत गरम पायजमा नि पायात मोजे. कानटोपी, काळा चष्मा, उन्हासाठी मलम हवंच. तिथलं ऊन थंड वाटतं पण कातडी भाजतं. गाडीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी द्यावी. शिधा नेणार असाल तर कुकरही न्या. पाणी तिथं ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. चिवड्याची बंद पाकिटं वर गेल्यावर फुगतात, घाबरू नये. आपल्याकडचं प्रीपेड सिमकार्ड तिथं चालत नाही. घरात एक तरी पोस्टपेड असावं. लेहला वर्षाकाठी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा पाणी जपून वापरा. टँकरची वाट पाहिलेल्यांना अधिक काय सांगावं? मठात जोडे बाहेर काढावेत, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून घालावी, विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. भेटेल त्याला 'जुले' म्हणावं, म्हणजे नमस्कार पोचतो.

दहा दिवसांची रजा मिळत नसेल तर? मग यंदा धरमशाळा करा. तिबेटी मठ तिथंही आहेत, १९६० पासून दलाई लामांचं वास्तव्य तिथंच आहे. आणि वरचं मॅक्लोडगंज दोन हजार मीटरच्या आसपासच असल्यानं सासूबाईंना नि मुलांना सोसेल. पण त्या पत्रकावर सही होण्याआधी, ताई, हा सहा दिवसांचा हिशेब कागदावर मांडून यजमानांपुढे ठेवा. त्यांना पटेल. आणि रक्ताची तपासणी याच आठवड्यात करून घ्या बरं का!