रंग उतरवा, पण बेताने

नोव्हेंबर संपत आला की दिल्लीत घरोघरी पेट्या उघडल्या जातात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला चामड्याचे जॅकेट म्हणजे हौस. इथे जानेवारीच्या धुक्यात सकाळी दुचाकीवरून कामाला निघणाऱ्याची ती गरज असते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी नोएडाला ताईकडे गेले, तर भाचेबुवा खोलीत नवेकोरे जॅकेट पसरून बसलेले. शेजारी थिनरची बाटली आणि कापसाचे बोळे. जॅकेट ईशान्य दिल्लीतल्या जाफराबादच्या बाजारातून आणलेले, गडद तपकिरी, गळ्यापासून बाह्यांपर्यंत एकसारखे.

"मावशी, हे फारच नवं दिसतंय गं. थोडा रंग उतरवून जुनं करायचंय."

तिकडे ताई पेटी आवरत होती. बाबांचे जुने जॅकेट तिने बाजूला काढून ठेवले होते. "रंग पार उडालाय. आता कोण घालणार हे? बोहारणीला देऊन टाकते." जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दिल्लीतही दारोदार येते. तिला आम्ही घरात अजून बोहारीणच म्हणतो. हे कपडे पुढे पश्चिम दिल्लीतल्या रघुवीरनगरच्या पहाटेच्या बाजारात जातात. आई मटार सोलत बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिचे हात थांबले.

एका जॅकेटचा रंग उडाला म्हणून ते घराबाहेर निघाले होते आणि दुसऱ्याचा रंग उडवायला खास बाटली विकत आणली होती! मी आधी ती बाटली उचलून बाजूला ठेवली. कारण हा उद्योग मीही एकदा केला आहे. पत्रकारितेच्या पदविकेला असताना जॅकेटच्या बाहीला कपडे पांढरे करण्याचे ब्लीच लावले होते. रंग उतरला, पण काही आठवड्यांत कोपराशी चामडे कडक होऊन चिरले. ते जॅकेट पुन्हा अंगावर चढले नाही.

आधी चामडे ओळखा

जॅकेटचा रंग उतरेल की नाही, हे तो कसा दिला आहे यावर अवलंबून असते. काही चामड्यांत रंग आतपर्यंत मुरलेला असतो. काहींवर तो रंगलेपासारखा पृष्ठभागावर बसवून वर पारदर्शक थर दिलेला असतो. ओळखायचे कसे? जॅकेटच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब शोषला जाऊन तिथे गडद डाग पडला तर रंग मुरलेला आहे. असे जॅकेट फिके करणे त्यातल्या त्यात सोपे. थेंब तसाच राहिला तर वर लेप आहे. अशा जॅकेटचा रंग हलका होत नाही, लेपच निघतो, आणि खाली कोणता रंग निघेल ते आधी कळत नाही.

तिसरा प्रकार रेक्झिनचा. शिवणीजवळची कापलेली कड पाहा. चामड्याचे तंतू दिसण्याऐवजी खाली विणलेले कापड दिसले, तर हात आखडता घ्या. ते घासून जुने दिसत नाही, फाटके दिसते.

आपल्या कोल्हापुरी चपलेचा अनुभव इथे लावू नका. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची असते. असे चामडे उन्हाने, तेलाने आणि वापराने गडद होत जाते. जॅकेटचे चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावून मग रंगवलेले असते. ते घर्षणाने आणि उजेडाने फिके पडते. म्हणूनच जॅकेट फिके करण्यासाठी खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोळणे म्हणजे उलटाच प्रकार! तेलाने ते आणखी काळपट होईल आणि डागही पडतील.

हे करू नका

ब्लीच कधीही वापरू नका. चामडे म्हणजे मूलतः प्राण्याच्या त्वचेतील प्रथिन. ब्लीच रंगाबरोबर त्या प्रथिनालाही खाते. लिंबू आणि धुण्याचा सोडा यांनीही चामड्याचा कस जातो. थिनरने वरचा थर तर निघतोच, शिवाय चामडे मऊ ठेवणारा स्निग्धांशही जातो. त्यातून दिल्लीच्या थंडीत दारे-खिडक्या बंद असतात आणि कोपऱ्यात हीटर लालभडक झालेला असतो. अशा खोलीत थिनर उघडणे म्हणजे आगीला आमंत्रणच. भाचेबुवांच्या पायाशीही हीटर चालूच होता.

दिवसदिवस उन्हात टांगणे हाही उपाय नव्हे. रंग ठिकठिकाणी कमीजास्त उडतो आणि चामडे वाळून ताठ होते.

मग करावे काय?

जॅकेट ओलसर कापडाने पुसून सावलीत वाळवा. मग अंगात घालून हात दुमडा, बसा, उठा. कोपराशी आणि दंडाजवळ कुठे घड्या पडतात ते पाहा. वापराने रंग आधी तिथूनच जातो. जॅकेट काढून ४०० ते ६०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने घड्यांचे उंचवटे, बाह्यांच्या कडा, खिशांची तोंडे आणि कॉलरची वरची धार अगदी हलक्या हाताने घासा. आधी आतल्या कडेवर करून पाहायला विसरू नका.

चार-पाच हात फिरवले की थांबा. धूळ ओल्या कापडाने टिपा आणि दिवसाच्या उजेडात लांबून पाहा. विजेच्या उजेडात अंदाज चुकतो. मुरलेला रंग आणखी उतरवायचा असेल, तर पांढऱ्या सुती कापडाला किंचित स्पिरिट लावून फक्त तेवढाच भाग पुसा. तेही उघड्या खिडकीजवळ, हीटर आणि गॅसपासून दूर. शेवटी रंगहीन लेदर क्रीम पातळ चोळून रात्रभर राहू द्या. उरलेले काम दुसऱ्या दिवशी. उतरलेला रंग घरी परत तसाच बसवता येत नाही, म्हणून थोडे कमी झालेलेच बरे.

हे करताना नाकावर मास्क हवाच. चामड्याची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. हा धोका आहे तो कारखान्यात वर्षानुवर्षे चामडे घासणाऱ्या कामगारांना. आपल्या एका दुपारच्या कामाची त्याच्याशी तुलना होणार नाही, पण दुकानात मुद्दाम जुने केलेले जॅकेट पाहताना ही धूळ कुणाच्या नाकात गेली असेल, हे आठवायला हरकत नाही.

बाबांचे जॅकेट

एवढे ऐकून भाचेबुवांनी विचारले, "पण नेमकं कुठे घासायचं?" मी ताईच्या ढिगातले बाबांचे जॅकेट आणून त्याच्यापुढे ठेवले.

डाव्या खांद्यावर चार बोटे रुंदीचा फिका पट्टा होता. "डब्याच्या पिशवीचा," आई पहिल्यांदाच बोलली. "बस मिळेपर्यंत खांद्यावरच असायची." उजव्या खिशाचे तोंड घासून मऊ झाले होते. "किल्ल्या. दहा वेळा चाचपून बघायचे." बाह्यांच्या कडा स्कूटरच्या हँडलवर फिकट झालेल्या. पाठ मात्र जवळजवळ होती तशीच.

भाच्याने मुकाट्याने जॅकेट उचलले आणि अंगात घातले. खांद्यात थोडे सैल होते. आईने पुढे होऊन कॉलर सारखी केली. ताईने बोहारणीचा ढीग बांधला, तेव्हा ते जॅकेट त्यात नव्हते.

त्या जॅकेटला आम्ही फक्त ओले कापड आणि क्रीम लावले. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून आता ते प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत, रुंद हँगरवर टांगलेले असते. नव्या जॅकेटच्या बाह्यांच्या कडा आणि कोपरे भाच्याने तेवढे दोन रविवारी थोडे थोडे घासले. डावा खांदा घासू का, म्हणून विचारत होता. आजी म्हणाली, "तो राहू दे. पिशवी घेऊन कामाला जायला लागलास की होईल आपोआप."